पडणारच आहेत, पण कधी?

शाळेत दंततपासणीचं शिबिर झालं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून पुढचे चार दिवस एकच वाद ऐकू येतो. पोरगं चिठ्ठी घेऊन घरी येतं: किडलेल्या दाढा चार, उपचार आवश्यक. आजी म्हणते, दुधाचे दात ते, पडणारच आहेत. गोव्यात कामाला असलेला बाप फोनवरून विचारतो, खर्च किती सांगितलाय? शेजारचे निवृत्त मास्तर सांगतात, शिबिरं म्हणजे गिऱ्हाईक गोळा करायची सोय. तिकडे शिबिराला आलेला तरुण डेंटिस्ट मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेता घेता म्हणतो, इथल्या पालकांना कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही. एक बाजू डॉक्टरांना लुटारू ठरवते, दुसरी पालकांना अडाणी. ज्याच्या दाढेवरून हे सगळं चाललंय त्याला रात्री झोप लागते का, हे मात्र दोन्हीकडचं कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुधाच्या किडलेल्या दाढेकडे लक्ष द्यायलाच हवं. पण उपचार म्हणजे रूट कॅनल आणि त्यावर महागडी कॅप, हे जे समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलंय ते चुकीचं आहे, आणि ते पालकांनी घरी बसून तयार केलेलं नाही. दवाखान्यात त्यांना तेवढंच सांगितलं गेलं. ‘काहीच नको’ आणि ‘सगळं करा’ यांच्या मधे तीन-चार चांगल्या वाटा आहेत. त्या समोर ठेवायच्याच नाहीत, आणि पालकांनी ‘काहीच नको’ म्हटलं की त्यांना अज्ञानी ठरवायचं, हा कुठला न्याय?

आधी आजीचं वाक्य घेऊ, कारण ते खोटं नाही. वीसच्या वीस दुधाचे दात पडतातच. घोळ आहे तो वेळेच्या हिशोबात. आपल्या डोळ्यांसमोर पडतात ते पुढचे दात, सहाव्या-सातव्या वर्षी. पहिलीच्या वर्गाच्या फोटोत निम्म्या पोरांच्या तोंडात खिंडार असतं. त्यावरून आपण धरून चालतो की दुसरीपर्यंत हा सगळा मामला आटोपतो. दाढांचं तसं नसतं. दुधाची मागची दाढ साधारण दोन-अडीच वर्षांच्या वयात येते आणि दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असते. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेवर त्या मुलाला अंगणवाडीपासून पाचवी-सहावीपर्यंत भाकरी चावायची आहे. भाड्याच्या घराचं छप्पर गळायला लागलं, तर ‘घर कुठं आपलंय’ म्हणून कोणी सहा-सात पावसाळे तसेच भिजत काढतं का? खानापूरच्या पावसात तर नाहीच नाही.

यात आणखी एक फसगत आहे, आणि ती भल्याभल्या शिकलेल्या घरांत होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, कोणाचं लक्ष जात नाही, त्यामुळे घरातले सगळे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. ती किडली आणि तिलाही आजीचाच नियम लावला, तर ती पुढे काढावी लागते आणि तिच्या जागी दुसरं काही उगवत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात कुठला दात किती वर्षं राहणार आहे, एवढं त्या चिठ्ठीवर लिहिलं असतं तरी निम्मा वाद मिटला असता. चिठ्ठीवर फक्त आकडा असतो.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो शेजारच्या मास्तरांना ठाऊक नाही, पण आहे त्यांच्याच बाजूचा. ब्रिटनमध्ये तीन ते सात वर्षांच्या 1144 मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. दुधाच्या दाढा किडलेल्या या मुलांचे तीन गट केले होते. पहिल्या गटात नेहमीच्या पद्धतीने कीड कोरून दात भरले, दुसऱ्यात कीड आतच बंद करून टाकली, तिसऱ्यात कोरणं-भरणं न करता फक्त कीड वाढू नये म्हणून उपाय केले. दुखणं किंवा पू होणं या बाबतीत तिन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. सुमारे 43 टक्के मुलांना कधी ना कधी त्रास झालाच. मग आजी जिंकली म्हणायची का?

नाही. कारण त्या तिसऱ्या गटात ‘राहू दे’ म्हणून कोणी घरी पाठवलं नव्हतं. फ्लोराइडची पेस्ट लावून घासायला शिकवलं, दातांवर फ्लोराइडचा लेप दिला, खाण्याच्या सवयींवर बोललं गेलं, ठरल्या वेळी परत बोलावलं. शिवाय तिथे मुलांची दाढ दुखली तर सरकारी व्यवस्थेत फुकट उपचार मिळतात. जांबोटीच्या किंवा कणकुंबीच्या पोराची दाढ रात्री ठणकायला लागली तर त्याच्यासाठी काय आहे? लवंगेचं तेल, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या, आणि ‘गाल सुजलाय, उद्या उतरेल’ हा धीर. त्या अभ्यासातून एवढंच निघतं की दात कोरणं हा एकमेव मार्ग नाही. लक्ष ठेवणारं कोणी असूनही चाळीस टक्क्यांवर मुलांना त्रास होत असेल, तर जिथे लक्ष ठेवणारंच कोणी नाही तिथे काय होत असेल? आपल्याकडे 2002-03 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. ही दोन-चार घरांची हयगय म्हणता येणार नाही.

आता बापाचा प्रश्न. खर्च किती, हा काही कंजूषपणाचा प्रश्न नाही. चार दाढांची रूट कॅनल आणि चार कॅप यांचा आकडा ऐकून बिडी वळणाऱ्या बाईने किंवा गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाने मान हलवली, तर त्याला दंतआरोग्याविषयीची अनास्था म्हणायला जीभ कशी धजावते? त्यात एका फेरीत काम होत नाही. कर्नाटकात जून 2023 पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, त्यामुळे आईचं तिकीट वाचतं हे खरं. पण बुडालेली मजुरी कुठलीच योजना भरून देत नाही. आणि संशयही अगदीच निराधार नसतो. सगळ्याच काळ्या डागांना उपचार लागत नाहीत. काही ठिकाणची कीड थांबलेली असते. डाग टणक आणि चकचकीत झालेला असतो, तो नुसता बघत राहिलं तरी चालतं. एका खुर्चीवर सहा दाढा सांगितल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर दोन, असा अनुभव आलेला माणूस तिसऱ्या खुर्चीवर बसायला कां-कू करणारच. तो वैद्यकाला घाबरलेला नसतो, हिशोबाला घाबरलेला असतो.

म्हणूनच बरेच पालक स्वतःहून म्हणतात, ‘काढूनच टाका ओ डाक्टर, रात्रभर रडूलालंय पोरगं.’ एकदाच जायचं, कमी पैशांत, विषय संपला. या म्हणण्यात तथ्य आहे. दाढेखाली पू धरलाय, हिरडीवर फोड आलाय, दात पोखरून नुसतं टरफल उरलंय, अशा वेळी काढणं हाच शहाणपणा. दात पडायला वर्षभरच उरलं असेल तर त्याच्यावर रूट कॅनल करणं म्हणजे उधळपट्टी. पण पाचव्या वर्षी मागची दाढ काढली, तर तिच्या मागून येणारी ती कायमची दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते, कलते. खालून येणाऱ्या दाताला मग जागा उरत नाही, तो वेडावाकडा येतो. तेराव्या वर्षी तारा बसवायच्या की नाही हा प्रश्न त्यातूनच पुढे उभा राहतो, आणि त्याचा खर्च आजच्या कॅपपेक्षा कितीतरी मोठा. काढायची तर ती जागा राखणारी छोटी तार बसवून घ्यावी लागते, हे काढणाऱ्याने सांगायला हवं. गंमत म्हणजे याच गावांत ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही समजूतही आहे. त्यामुळे खालची दाढ लगेच निघते आणि वरची कुजत राहते. दोन्ही निर्णय चुकतात.

मग मधल्या वाटा कोणत्या? एक आहे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध. थेंबभर घेऊन किडलेल्या जागी लावायचं. इंजेक्शन नाही, कोरणी नाही, मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतानाही लावता येतं. बहुतेक ठिकाणी कीड पुढे सरकायची थांबते. सहा-सहा महिन्यांनी लावत राहिलं तर जास्त चांगलं. जपानमध्ये ते 1970 च्या सुमारापासून वापरात आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दुसरी वाट स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंच्या नावाने ओळखली जाते. किडलेली दाढ न कोरता, भूल न देता, तिच्यावर स्टीलची तयार टोपी सिमेंट लावून दाबून बसवायची. आतल्या किडीचा अन्नपुरवठाच तुटतो. दोन्हींना मर्यादा आहेत. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल, मूल कारण नसताना रात्री ठणक्याने उठत असेल, तर या वाटा बंद झालेल्या असतात आणि रूट कॅनल किंवा दात काढणं एवढंच उरतं. म्हणजेच या उपायांची वेळ दुखायला लागण्याच्या आधीची आहे. नेमकं त्या काळात आपण ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणत असतो.

या औषधाविरुद्धचा एक आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ते लावलं की किडलेला भाग कायमचा काळा पडतो. दाढेला चालतं, पण पुढचा दात काळा पडला की आई बिचकते. मुलगी असेल तर जास्तच. लोक काय म्हणतील, शाळेत चिडवतील. मुलांचं चिडवणं खोटं नसतं, त्यामुळे पुढच्या दातांबाबत पालक ‘नको’ म्हणाले तर त्यांचा शब्द मानावा. मात्र काळा दात म्हणजे कुरूप, हे काही आपल्या रक्तात नाही. आपल्याच पणज्या-खापरपणज्या दातवण लावून दात मुद्दाम काळे करायच्या. सवाष्णीचं ते लेणं होतं. काळे कुळकुळीत दात ही शोभा होती आणि विधवेला दातवण मना होतं. शंभर-सव्वाशे वर्षांत आपण पांढऱ्याशुभ्र दातांचे भक्त झालो ते जाहिरातींच्या कृपेने. मागच्या दाढेवरचा काळा डाग, जो मुलाने मोठ्याने जांभई दिल्याशिवाय कोणाला दिसतही नाही, त्यापायी औषध नाकारायचं आणि त्याच दाढेतलं तपकिरी भोक मात्र खपवून घ्यायचं, यात सौंदर्यदृष्टी कुठली?

पालकांची मनं कशी बदलतात याचं एक मोठं उदाहरण खुद्द बेळगावात आहे. टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो आज आपल्याला सकाळच्या फेरफटक्यासाठी आणि सभा-मेळाव्यांसाठी माहीत आहे. ब्रिटिश काळात तिथे देवीची लस तयार व्हायची. मुंबईत 14 जून 1802 रोजी ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. पण खेड्यापाड्यांतला विरोध त्यानंतर कित्येक दशकं टिकला. देवी काढणारा गावात आला की आया पोरांना माळ्यावर लपवायच्या. त्यालाही साहेबाने अंधश्रद्धाच म्हटलं. पण तेव्हाची पद्धत काय होती? एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचायची. त्यासाठी फोड आलेली मुलं या गावातून त्या गावात न्यायची. कुठल्या आईने आपलं लेकरू असं द्यावं? पुढे जनावरांपासून लस तयार होऊ लागली, मुलं फिरवणं थांबलं, तेव्हा विरोधाची अर्धी कारणंच उरली नाहीत. देवीची श्रद्धा तीच होती, शीतळादेवीची देवळंही तिथेच होती. बदलली ती टोचण्याची रीत आणि टोचणाऱ्याची वागणूक. 1975 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण आढळला, त्यामागे रागावून सांगणाऱ्यांपेक्षा दारोदार बसून बोलणाऱ्यांचे कष्ट जास्त आहेत. याच्या उलट, 1897 च्या प्लेगात पुण्यात घरं उघडून, माणसं ओढून आरोग्य राखायला गेले तेव्हा काय झालं हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय.

दातांच्या बाबतीत आपण अजून त्या जुन्या रीतीवरच आहोत. डॉक्टर आत, आई दारात, मूल खुर्चीत धरून ठेवलेलं. समजावून सांगायचं तर ते कानडीत, हिंदीत किंवा इंग्रजीत. दंतवैद्यकीचे विद्यार्थी केरळपासून उत्तरेपर्यंत कुठूनही आलेले असतात, त्यांचा यात दोष नाही. पण येळ्ळूरच्या किंवा उचगावच्या आईने न वाचता येणाऱ्या संमतिपत्रावर सही करून घरी यायचं आणि सासूने विचारल्यावर ‘काय केलं ते कळलं नाही’ म्हणायचं, यातून विश्वास कसा तयार होणार? सीमाभागात कुठलाही विषय काढला की तो भाषेच्या वादात जाऊन पडतो, म्हणून हे लिहिताना मीही थोडा अडखळलो. पण इथे अस्मितेचा काही संबंध नाही. अथणीकडच्या कानडी आईला मराठी डॉक्टर भेटला तरी तिची अडचण हीच असणार, आणि ‘पडणारच आहेत’ हे ती तिच्या भाषेत याच ठसक्यात म्हणते. निर्णय घेणारी माणसंही दवाखान्यात नसतात. पैसे बापाकडे, अधिकार आजीकडे, आणि खुर्चीशेजारी उभी असते ती आई. डॉक्टरने दोन मिनिटं काढून बापाला फोनवर सांगितलं, तर पुढची फेरी चुकण्याची शक्यता बरीच कमी होईल.

घरच्या बाजूनेही बोलायचं तर साखरेपासून सुरुवात होते, कारण आपण उसाच्या पट्ट्यात राहतो. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट यांना उगाच बदनाम करू नये. सणाला जेवणानंतर खाल्लेला कुंदा दातांना एकदाच त्रास देतो. घात करतं ते दिवसातून चार-पाच वेळा गोड चहात बुडवून दिलेलं बिस्कीट. प्रत्येक वेळी तोंडात वीस-तीस मिनिटं आम्ल राहतं, आणि एक ओसरेपर्यंत पुढचं बिस्कीट येतं. ‘आम्ही साखर देत नाही, गूळच देतो’ हेही ऐकू येतं. जिवाणूंना त्यातला फरक कळत नाही. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं तर पुढच्या वरच्या दातांना सरळ खाऊन टाकतं. पेस्टमधल्या फ्लोराइडची भीती मात्र समजण्यासारखी आहे, कारण गदग जिल्ह्यातल्या मुंडरगीसारख्या भागात पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दात आणि हाडं बिघडलेली माणसं लोकांनी पाहिली आहेत. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट, घासताना मोठं माणूस शेजारी, एवढं सांभाळलं की ती भीती राहत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात मशेरीचाही विचार करावा लागतो. तिथल्या अनेक बायकांना मशेरी लागली ती दाढदुखीच्याच निमित्ताने. ज्या घरात दाढदुखीवर तंबाखू हा उपाय चालत आलाय, तिथे मुलाच्या दाढेसाठी दवाखाना सुचत नसेल, तर त्या बाईला बालपणी कोणता दवाखाना मिळाला होता?

आणि सरकार? कर्नाटकात ‘दंतभाग्य’ नावाची योजना आली, ती गरीब घरांतल्या वयस्कांना कवळी देणारी. चांगलीच गोष्ट आहे, म्हाताऱ्या माणसाला भाकरी चावता आली पाहिजे. पण दात सगळे गेल्यावर जाग येणारी व्यवस्था दात शाबूत असताना काय करते? कागदावर पाहिलं तर पुष्कळ काही आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या आजारांसाठी मुलांना तपासायचं ठरलं, त्यात दातांची कीडही आहे. तपासणी होते, आकडा लिहिला जातो, चिठ्ठी दिली जाते, आणि आपण पुन्हा त्या घरात येऊन पोचतो जिथे आजी, बाप आणि मास्तर वाद घालत बसलेत. तपासायचं गावात आणि उपचार मात्र साठ किलोमीटरवर, ही आखणी करणाऱ्यांनी पालकांना बेफिकीर म्हणू नये. आपल्या लोकप्रतिनिधींनीही फलकांच्या भाषेवर जेवढी निवेदनं दिली, त्यातलं एखादं या विषयावर द्यायला काय हरकत होती, असं कधी कधी वाटतं. त्या कार्यक्रमानुसार पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं. कीड थांबवणारं ते औषधही वर्षातून दोनदाच लावायचं असतं. पथकात आयुष डॉक्टर असतात, नर्स असते, औषधं सांभाळणारा असतो. दाताचा डॉक्टर तेवढा नसतो, आणि बेळगाव शहरात दंतवैद्यक महाविद्यालयं दोन आहेत.